मोंतेफार्रोला जायचा रस्ता

पाटीचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते निव्वळ खोकल्यामुळे. मार्च महिन्यात माझा घसा दरवर्षी धरतो. इवानाच्या बारच्या मागच्या खोलीत उत्सव मंडळाची सभा चालली होती. पाटी समितीचं अध्यक्षपद, दोन उपाध्यक्षपदं आणि उद्घाटन समिती यांसाठी एव्हाना नऊ हात वर होऊन गेले होते. मग आमची नगराध्यक्षा लोरेदाना म्हणाली, "आणि मजकूर कोण लिहिणार?" सगळी माणसं आपापल्या कॉफीच्या कपात काहीतरी शोधू लागली, आणि नेमका तेव्हाच मी खोकलो.

"वा, सेत्तिमियोकाका," लोरेदाना म्हणाली, "मी तुमचंच नाव घेणार होते."

खोटं कशाला बोला, मला बरं वाटलं. नगरपालिकेत जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या खिडकीवर मी सदतीस वर्षं काढली आहेत. लोरेदानाच्या जन्माची नोंद माझ्याच अक्षरात आहे. मोंतेफार्रोतली चारशे बारा माणसं कधी जन्मली, त्यांनी कोणाशी लग्न केलं आणि त्यांचे आजोबा कशाने गेले हे मला तोंडपाठ आहे. गावातल्या बायकांच्या खऱ्या जन्मतारखाही आहेत, त्यामुळे काही घरांत मला अजून खुर्ची देत नाहीत. गावाचा इतिहास लिहायला माझ्याइतका लायक माणूस नव्हताच. गावाच्या हे लक्षात यायला खोकला लागला, एवढंच.

"किती शब्द?" घरी आल्यावर माझ्या बायकोने, देर्नाने, विचारलं.

"दीडशे. निम्मे माहितीचे, निम्मे इतिहासाचे."

"दीडशे शब्दांत तुला बाजारातून कांदे आणल्याचंसुद्धा सांगता येत नाही," ती म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

पाटीची गरज का पडली तेही सांगायला हवं. खाली पाणचक्कीजवळ तिठा आहे. तिथून आमचं गाव दिसत नाही, ते वर झाडीत आहे. समोरच्या डोंगरावरचं कास्तेलग्रिल्लो मात्र बुरुजासकट लख्ख दिसतं. त्यांच्याकडे दोन हॉटेलं आहेत, एक किल्ला आहे आणि नाकं वर आहेत. गेल्या ऑक्टोबरात एक जर्मन जोडपं आमचं प्रसिद्ध सूप प्यायला म्हणून मुद्दाम आलं आणि तिठ्यावर थांबून त्यांनी रस्ता विचारला. तिथे नाझारेनो होता. त्याने चेस्टनटच्या बनातून जायला सांगितलं. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या झेलिंदाबाई म्हणाल्या, तो रस्ता पावसात खचतो, पुलावरून जा. मी सहज चाललो होतो, पण दोघंही चुकीचं सांगत असताना पुढे निघून जाणं माझ्या स्वभावात नाही. कबरस्तानाशेजारचा रस्ता सगळ्यांत जवळचा आहे हे मी पटवून देत होतो, तेवढ्यात न्हावी आला, त्याचं आणखी वेगळं. चाळीस मिनिटं फार चांगली चर्चा झाली. शेवटी त्या जर्मन बाईंनी समोरच्या डोंगराकडे बोट करून ते गाव कोणतं म्हणून विचारलं, आणि आम्ही सांगितलं. ते दोघे कास्तेलग्रिल्लोला गेले, तीन दिवस राहिले आणि तिथल्या उशांचं कौतुक करणारं पत्र आमच्या नगरपालिकेला पाठवून मोकळे झाले.

त्या पत्रामुळे लोरेदानाने ठरवलं, की तिठ्यावर पाटी हवीच. नकाशा, बाण, माहिती, इतिहास, सगळं एकत्र. माझं ऐकलं असतं तर ते जोडपं चार मिनिटांत वर पोचलं असतं, ही गोष्ट वेगळी.

इतिहासाचा भाग मी एका सकाळीच उरकला, कारण तो आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही येतो. १५१७ च्या ऑगस्टात कप्तान ग्रिफोने तीन हजार सैनिक घेऊन मोंतेफार्रो लुटायला आला. गावच्या बायकांनी तटावरून उकळतं सूप ओतलं. बार्तोलो नावाच्या आचाऱ्याने वेशीत उभं राहून कप्तानाला लोखंडी पळीने बडवलं. कप्तान भाजलेला कान धरून पळाला आणि जाता जाता त्याने राग काढला तो कास्तेलग्रिल्लोवर. आमच्या चर्चमध्ये बार्तोलोचं भिंतीवरचं चित्र आहे, हातात पळी, हात पुढे ताणलेला. ओलीने पलस्तर पडल्यामुळे कमरेखालचा बार्तोलो मात्र गेलेला आहे.

दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही पळीचा उत्सव करतो, आणि गेली चौतीस वर्षं त्यात बार्तोलो होतो तो नाझारेनो. नाझारेनो म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त खाटीक, वय वर्षं एक्काहत्तर. (त्याचं वय सांगितलेलं चालतं, मी त्यालाच विचारलं आहे.) दर शुक्रवारी आम्ही पत्ते खेळतो आणि दर शुक्रवारी तो मला गाढव म्हणतो. उत्सवात बार्तोलो चिलखत घालून मिरवतो, आणि आचाऱ्याला चिलखत कशाला, असं कोणी विचारलं तर आम्ही त्याला परका समजतो. ते चिलखत गॅसवाल्याने जुन्या बंबांच्या पत्र्याचं करून दिलेलं आहे, आणि त्यावरचा लाल झगा नाझारेनोच्या बायकोने, इदाने, शिवला होता. इदाला जाऊन सहा वर्षं झाली. झगा तो स्वतः धुतो, स्वतः इस्त्री करतो, कोणाला हात लावू देत नाही. यंदा त्याचा खुब्याचा सांधा बदलायचा होता, म्हणजे बार्तोलो होण्याची ही शेवटची वेळ होती. गावात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणी त्याच्यासमोर बोलत नव्हतं.

इतिहास झाला, पण माहितीने मला घाम फोडला. मी पाटी लिहितोय हे कळल्यावर माझ्या दारावर रांग लागली. न्हाव्याला आपल्या आजोबांचं नाव हवं होतं, कारण त्यांनी एका बिशपची दाढी केली होती. बेकरीवाल्या बाईंना बडीशेपेच्या पावाचा उल्लेख हवा होता, पण कृती नको, आणि वासही असा लिहायचा की कास्तेलग्रिल्लोवाल्यांना ओळखता येऊ नये. मी 'सार्वजनिक शौचालय: बारमध्ये' असं लिहिलं होतं, ते वाचून इवाना हातात फडकं घेऊनच आली.

"हे खोड," ती म्हणाली.

"अगं, पण गावात दुसरं आहे कुठे?"

"ते मी काय सांगू? पाटीवर लिहिलंस तर अख्खा युरोप माझ्याकडे येईल आणि कॉफी एकही जण पिणार नाही."

मी ते खोडलं. चर्च उघडायच्या वेळा लिहायला गेलो, तर आमचे फादर आल्वारो तीन गावं सांभाळतात आणि ते येतात तेव्हा चर्च उघडतं. एरवी किल्ली झेलिंदाबाईंकडे. झेलिंदाबाई घरी नसल्या तर भाचीकडे, भाची नसली तर खिडकीतल्या कुंडीखाली, पण कुंडीचं पाटीवर लिहायचं नाही. या एका ओळीतच माझे एकतीस शब्द संपले.

शेवटी सगळं बसवून मी प्रांताच्या ठिकाणी गेलो. तिथे ऐतिहासिक पाट्यांना मंजुरी देणारं कार्यालय आहे आणि खिडकीवर पाल्मिएरीबाई बसतात. गळ्यात साखळीचा चष्मा, पुढ्यात तीन शिक्के. त्यांनी माझा अर्ज उघडला तेव्हा बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. खिडकी साडेबाराला बंद होते.

"तपकिरी रंग चुकलाय," त्या म्हणाल्या. "हा फिकट तपकिरी आहे. नगरपालिकेचा शिक्का गोल आहे आणि जागा चौकोनी आहे. आणि आधार कुठाय?"

"कसला आधार?"

"तीन हजार सैनिक, उकळतं सूप, भाजलेला कान. हे कुठल्या कागदात आहे?"

"बाई, हे अख्ख्या गावाला माहीत आहे."

"गावाला मी फाईलला लावू शकत नाही," त्या म्हणाल्या. "त्या काळचा कागद आणा." आणि माझ्या नाकासमोर पडदा खाली आला. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

माझ्या मनाला हे किती लागलं ते सांगता येणार नाही. सदतीस वर्षं मी हेच केलं होतं. नाझारेनोला त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी मी तीनदा परत पाठवला होता, कारण त्याच्या बापाच्या नावात एक अक्षर कमी होतं. इदा तिसऱ्या वेळी खिडकीत येऊन रडली होती, तरी मी शिक्का मारला नाही. एकदा चुकीची नोंद झाली की ती कायमची राहते, असं माझं मत होतं आणि आहे. देर्नाच्या ओळखपत्रावर 'केस' या रकान्यात मी 'करडे' लिहिलं तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण केस करडेच होते.

तेव्हा मी कागद शोधायला निघालो. फादर आल्वारोंनी चर्चच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडून दिलं, आणि तिथे आठवडाभर मी जूनच्या उकाड्यात स्वेटर घालून बसलो, कारण त्या भिंतींना उन्हाळा ठाऊक नाही. शेवटी १५१७ ची वही सापडली. त्या वेळचे फादर मोठे टापटिपीचे गृहस्थ असावेत. बाप्तिस्मे, मरणं, मेंढ्यांचे रोग, सगळं तारीखवार. असा माणूस माझ्या खिडकीवर आला असता तर मी उठून उभा राहिलो असतो. लॅटिन मला जेमतेम येतं, म्हणून फादर आल्वारो वाचत गेले आणि मी लिहून घेत गेलो. नऊ ऑगस्टच्या नोंदीशी आल्यावर ते थांबले, त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

कप्तान ग्रिफोने आला होता खरा. माणसं दोनशे सतरा, निम्म्यांच्या पायांना फोड. पाणचक्कीच्या तिठ्यावर थांबून त्याने एका मेंढपाळाला मोंतेफार्रोचा रस्ता विचारला. मेंढपाळाने बनातून जायला सांगितलं. तिथे कपडे धुणारी एक बाई म्हणाली, तो रस्ता खचलेला आहे, पुलावरून जा. एक म्हातारा म्हणाला, दोघांनाही अक्कल नाही. आवाज ऐकून वरून माणसं उतरली आणि जो तो आपला रस्ता सांगू लागला. सर्वांत शेवटी सूप ढवळायचं सोडून एक आचारी आला आणि सर्वांत मोठ्याने बोलला. दीड तास झाला, अकरा माणसांनी अकरा रस्ते सांगितले. कप्तानाने डोकं धरलं आणि समोरच्या डोंगरावरचं ते गाव कोणतं म्हणून विचारलं. सगळे एका आवाजात म्हणाले, कास्तेलग्रिल्लो, सरळ जा. फौज सरळ गेली. 'त्यानंतर,' फादरांनी लिहिलं होतं, 'जेवायची वेळ झाल्याने लोक घरी गेले.'

तटावरून सूप नाही. पळीचा मार नाही. कान नाही.

"काय करणार आहेस?" फादर आल्वारोंनी विचारलं.

"आधार मागितलाय," मी म्हणालो. "आधार हा आहे."

मी नोंदीची नक्कल केली, फादरांचा शिक्का घेतला, इतिहासाचा भाग नव्याने लिहिला आणि सगळं टपालाने पाठवून दिलं. आज वाटतं, आधी नाझारेनोकडे जायला हवं होतं. पण मला काही सुचतच नव्हतं, आणि सुचत नसलं की मी कागद पुढे पाठवतो. सांगितलं ते फक्त देर्नाला. देर्नाने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं.

संध्याकाळी चौकात नाझारेनो समोरून आला. मी नेहमीसारखा "नमस्कार" म्हणालो. तो माझ्या शेजारच्या दिव्याच्या खांबाला "नमस्कार" म्हणाला आणि गेला.

आमच्याकडे भांडण झालं की माणसं हाणामारी करत नाहीत. नमस्कार काढून घेतात. एकदा काढून घेतला की तो परत मिळायला वर्षं लागतात. माझ्या चुलत्याचा एकाने काढून घेतला होता तो त्यांच्या अंत्ययात्रेत परत दिला. नाझारेनोचा गेला म्हणून न्हाव्याचा गेला, बेकरीतला गेला, इवाना माझ्यापुढे कॉफी ठेवायची पण चमचा ठेवायची नाही. आठवडाभरात अशी वेळ आली, की मी मांजरांना नमस्कार करू लागलो. शुक्रवारी मी पत्ते घेऊन बारमध्ये बसलो आणि दोन तास एकटाच पिसत राहिलो.

शेवटी मी त्याच्या दारात गेलो. तो अंगणात झगा इस्त्री करत होता.

"नाझारेनो, त्या वहीत एक आचारीसुद्धा आहे," मी म्हणालो. "पूर्ण ऐकून तर घे."

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. "सेत्तिमियो, चौतीस वर्षं मी ह्या गावासमोर हात उगारतोय. इदा खाली उभी राहून टाळ्या वाजवायची. आता तू मला सांगणार, की मी कोणालाच मारत नव्हतो?" झगा उचलून तो आत गेला आणि त्याने दार लावलं. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी देर्नाला म्हणालो, की मी चुकीचं काय केलं?

"चुकीचं काहीच केलं नाहीस," ती म्हणाली. "तेच तर तुझं नेहमीचं आहे."

मध्यंतरी पाटी समितीच्या अध्यक्षांनी मंजुरीची वाट न पाहता खड्डा खणून घेतला होता. ठेकेदाराला मोठ्या हमरस्त्यावरच्या फलकाचा नकाशा दिला गेला, त्यामुळे खड्डा माणसाच्या कमरेइतका खोल झाला आणि रुंदीला फार तर बसायच्या खुर्चीएवढा. पाटीचा पत्ता नव्हता, खड्डा मात्र तयार होता. पहिल्या आठवड्यात त्यात न्हावी पडला, दुसऱ्यात बेकरीचा कुत्रा. दोन्ही वेळा लोकांनी माझ्याकडे बघितलं.

उत्सवाच्या रविवारी देर्नाने मला घडीची खुर्ची दिली. "कोणी बोलत नाही तर निदान खड्ड्याजवळ जाऊन बस. आज माणसं फार असतील."

मिरवणूक पाणचक्कीपासूनच निघते. पटांगणात सुपाचा हंडा चढला होता, झेलिंदाबाई मीठ चाखत होत्या, बाकं लागत होती. नाझारेनो दहा वाजल्यापासून पूर्ण चिलखतात बसला होता, कारण मागचे बोल्ट आवळणाऱ्या गॅसवाल्याला दुपारनंतर वेळ नव्हता. त्याने माझ्याकडे पाठ केली होती, आणि पत्र्याची पाठ फारच ठळक दिसते. झगा मात्र सुरेख इस्त्रीचा होता. मी खुर्चीत बसून खड्डा राखत होतो.

साडेअकराला एक छोटी निळी गाडी तिठ्यावर येऊन थांबली. काच खाली झाली, आणि आत साखळीचा चष्मा दिसला. त्या पाल्मिएरीबाई होत्या. कागद वाचून त्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीने, स्थळपाहणीला आल्या होत्या. त्या खोऱ्यात फोनला रेंज नसते.

"मोंतेफार्रोला कसं जायचं?" त्यांनी झेलिंदाबाईंना विचारलं.

"पुलावरून," झेलिंदाबाई म्हणाल्या.

"पुलावरून?" नाझारेनो खडखडत उठला. "झेलिंदा, पुलाचा कठडा गेल्या वर्षी निखळला. बाई, तुम्ही बनातून जा. दुसऱ्या वळणाला डावीकडे, तिसरं वळण हे वळण म्हणून धरायचंच नाही."

आता, ज्या बाईंच्या हातात माझी फाईल होती त्यांना हा माणूस बनात पाठवत होता. मी खुर्चीतून उठलो. "बाई, बनात दोन झाडं आडवी पडलीत. कबरस्तानाशेजारून वर या, चार मिनिटं लागतात."

"कबरस्तानाशेजारून?" नाझारेनो गरजला. "त्यांना जिवंत पोचायचंय. सेत्तिमियो, तू मध्ये बोलू नकोस, तुला साधी गाडी चालवता येत नाही."

"रस्ता कळायला गाडी कशाला लागते? मी रोज चालतो."

"तू रोज इवानाकडे चालतोस."

दार लावल्यापासून तेवीस दिवसांत त्याने माझ्याशी काढलेले हे पहिले शब्द होते, आणि खरं सांगतो, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण तो चुकीचा रस्ता सांगत होता. मग न्हावी आला. बेकरीवाल्या बाई आल्या. गॅसवाला शिडीवरून उतरला. फादर आल्वारो प्रार्थना आटोपून येत होते, त्यांनी तर चौथाच फाटा काढला. पाल्मिएरीबाईंनी गाडी बंद केली, चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. नाझारेनो मला काहीतरी पटवून देत, पळी हलवत मागे मागे सरकत होता, आणि मी त्याच्यावर पुढे पुढे चालून जात होतो. खड्डा राखायचं काम माझ्याकडे होतं हे मी पार विसरलो.

मोठा आवाज झाला. नाझारेनो कमरेपर्यंत जमिनीत गेला आणि बंबाचा पत्रा खड्ड्याच्या कडांत असा घट्ट बसला, की तो खालीही जाईना आणि वरही येईना. बोलणं मात्र त्याचं थांबलं नाही. "दुसऱ्या वळणाला डावीकडे," तो म्हणाला.

पाल्मिएरीबाईंनी डोकं धरलं. "ते समोरच्या डोंगरावर दिसतं ते कोणतं गाव?"

"कास्तेलग्रिल्लो," आम्ही सगळे म्हणालो.

"तिथे कसं जायचं?"

"सरळ." आणि खड्ड्यातून नाझारेनोने पळी धरलेला हात कास्तेलग्रिल्लोच्या दिशेने ताठ लांब केला. निळी गाडी सुरू झाली आणि सरळ निघून गेली.

वर चर्चची बाराची घंटा वाजू लागली. झेलिंदाबाई नाझारेनोकडे टक लावून बघत होत्या. लाल झगा, हातात पळी, हात पुढे ताणलेला, कमरेखाली काही नाही.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हा तर भिंतीवरचा बार्तोलो."

नाझारेनोने आपल्या हाताकडे बघितलं. मग पळीकडे. मग ती गाडी गेली त्या रस्त्याकडे.

"सेत्तिमियो."

"काय?"

"त्या वहीत आचारी आहे म्हणालास. तो काय करतो?"

"सूप ढवळायचं सोडून येतो आणि सर्वांत मोठ्याने बोलतो."

"सूप ढवळायचं सोडून आलेल्या माणसाच्या हातात काय असतं?"

"ते फादरांनी लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मी विचारतोय, काय असतं."

मी तोंडभर हसलो असणार, कारण तोही हसला. "म्हणजे गाव त्यानेच वाचवलं," तो म्हणाला. "कोणालाही न मारता. हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू दार लावलंस."

"गाढव ते गाढवच. हात दे आता."

मी हात दिला, पण त्याला काढायला गॅसवाला, फादर आणि दोरखंड लागला. चिलखताचा खालचा भाग खड्ड्यातच राहिला. संध्याकाळी मिरवणूक वेशीत आली तेव्हा नाझारेनोने पळी उगारली नाही. नुसता हात लांब करून समोरचा डोंगर दाखवला. सूप प्यायला आलेल्या कास्तेलग्रिल्लोवाल्यांनी शिट्ट्या मारून निषेध केला आणि आमचं गाव अर्धा तास टाळ्या वाजवत होतं. नाझारेनो मध्येच एकदा गर्दीत खाली बघत होता, जिथे इदा उभी राहायची तिथे. तिथे देर्ना उभी होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. 'कागदात वर्णिलेल्या घटनेचा खाली सही करणारीने उपरोक्त तिठ्यावर स्वतः अनुभव घेतला आहे. आधार मान्य. स्थळपाहणी समोरच्या डोंगरावरून करण्यात आली.' खाली शिक्का होता, चौकोनी.

लोक माझ्याशी बोलू लागले, इवाना चमचा देऊ लागली. नाझारेनो शुक्रवारी पत्त्यांना यायचा, भांडायचा, गाढव म्हणायचा, पण यायचा तो नमस्काराशिवाय आणि जायचा तोही तसाच. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पाटी लागू दे. वाचल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. तूच शिकवलंस."

शेवटचा मजकूर मी चार रात्री घोळवला. झालं तेव्हा देर्नाला वाचून दाखवला. आचाऱ्याच्या वाक्याशी तिने मला थांबवलं. "'हातात बहुधा पळी होती.' बहुधा?"

"आधार नाही, म्हणून बहुधा."

तिने आपल्या केसांवरून हात फिरवला. "म्हणजे तुला तो शब्द येत होता. मग माझ्या केसांच्या वेळी कुठे होता?" पुढचे दोन दिवस मला सूप गारच मिळालं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी पाटी बसली. गडद तपकिरी, नकाशासकट, बाणासकट, दीडशे शब्दांची. नऊ पदाधिकाऱ्यांनी रिबन कापली आणि जेवायची वेळ झाल्याने लोक घरी गेले. उरलो मी आणि नाझारेनो. तो काठी टेकत पाटीपुढे उभा राहिला, नवा सांधा बसून त्याला महिनाच झाला होता. त्याने पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, मग आचाऱ्याचं वाक्य पुन्हा वाचलं. मी सदतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरच्या बाजूला उभं राहायला काय वाटतं ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात एक गाडी आली. तेच जर्मन जोडपं. बाई उतरल्या, त्यांनी पाटीवरचा नकाशा नीट बघितला, बाणावर बोट फिरवलं, आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, की मोंतेफार्रोला कसं जायचं.

मी तोंड उघडलं. नाझारेनोने काठी माझ्यापुढे आडवी धरली.

"नमस्कार, सेत्तिमियो," तो म्हणाला. "आता गप्प बस. मी सांगतो."

आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला बनातला रस्ता पूर्ण सांगू दिला.